गाडीची आगोट: खाऱ्या वाऱ्यात जुनी गाडी चालती ठेवताना

मे महिन्याच्या मध्यावर आंब्याची शेवटची पेटी वाशीला रवाना झाली की आमच्याकडे आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं निघतात. कौलं चाळायची, पडवीला पश्चिमेकडून झडी (पाऊस अडवणारा आडोसा) बांधायची, लाकडं आत घ्यायची, कुळीथ आणि सुकी मासळी डब्यात भरायची. या यादीत गेली अठरा वर्षं आमच्या मारुती ८०० चंही नाव असतं. १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, एमएच-०७ पासिंगची. घर देवगड तालुक्यात, खाडीपासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर.

गाडी बाबांकडून माझ्याकडे आली तेव्हा मी आधी इंजिनाच्या मागे लागलो होतो. आमच्या मेस्त्रींनी बॉनेट न उघडताच मला खाली वाकायला लावलं आणि म्हणाले, “ह्या बघ, गाडी इंजिनान मरत नाय, पत्र्यान मरता.” इंजिन दोनदा खोलता येतं, गिअरबॉक्स बदलून मिळतो. पण चासीचा पत्रा सडला की गाडी भंगारात जाते. म्हणून या लेखात पत्रा आधी आणि बाकी सगळं मागाहून.

मीठ नेमकं करतं काय

समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. ते पत्र्यावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं आणि पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा पापुद्रा तयार होतो. आपल्याकडे पावसाळ्यात, आणि एरवीही रात्री-पहाटे, आर्द्रता याहून जास्तच असते. म्हणजे पाऊस नसताना, गाडी दारात उभी असतानाही गंज चढत राहतो. सिंधुदुर्गात एका पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत तर ७००० च्या आसपास. गंमत म्हणजे उघड्या पत्र्याला हा पाऊस धुऊन काढतो. गंजतो तो झाकलेला भाग, जिथे मीठ आणि ओल दोन्ही अडकून बसतात. शोधाशोध तिथेच करायची.

पहिली पायरी: वाजवून बघा

एक सकाळ मोकळी ठेवा. मोठा स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च घ्या. गाडीतली सगळी मॅटिंग बाहेर काढा. वरचं रबरी मॅट काढून भागत नाही, त्याखालचा कापडी गालिचा आणि फेल्टही उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचा फेल्ट हाताने दाबून बघा. पाणी निथळलं तर ते कुठून येतंय हे आधी शोधा. बहुतेक वेळा पुढच्या काचेचं रबर किंवा काचेखालची जाळी कारण निघते. त्या जाळीत आंब्याचा मोहोर, फणसाची पानं, माती असं सगळं साठतं, निचऱ्याचं भोक बुजतं आणि पाणी डॅशबोर्डाखालून आत उतरतं. आमच्या गाडीतून पहिल्यांदा काढलेला कचरा ओंजळभर होता, काळा आणि कुजका, आणि त्याला चक्क एक रोप फुटलं होतं.

मग स्क्रू ड्रायव्हरची मूठ घेऊन दाराखालचा रनिंग बोर्ड, चाकांवरचे मडगार्ड, जॅक लावायची जागा आणि पुढच्या शॉकअपच्या वरच्या टोप्या हळूहळू ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. सडलेला भद्द वाजतो, नारळ आतून खराब असला की वाजतो तसा. आवाज बदलला तिथे खडूने खूण करा. रंगाखाली फोड आलेला दिसला तर टोकाने दाबा. टोक आत गेलं तर गंज आतून बाहेर आलाय, वरून रंग मारून काही उपयोग नाही.

दारांच्या खालच्या कडेला निचऱ्याची बारीक भोकं असतात. पातळ तार घालून ती मोकळी करा. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळलेलं ऐकू आलं तर ती भोकं बुजली आहेत.

दुसरी पायरी: गोड्या पाण्याने, आणि खालून

एप्रिल-मेमध्ये खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात. त्या पाण्याने गाडी धुणं म्हणजे मीठ चोळणं. आधी पाणी जिभेला लावून बघा. मचूळ असेल तर वरच्या वाडीतून चार बादल्या गोडं पाणी आणा आणि निदान शेवटचा हात तरी त्याने मारा.

खालून धुवायला सर्व्हिस सेंटरचा रॅम्पच हवा असं नाही. बागेतलं स्प्रिंकलर जमिनीवर ठेवायचं, गाडी त्यावर आणून उभी करायची आणि पाच-पाच मिनिटांनी थोडी पुढे घ्यायची. वीस मिनिटांत खालचा पत्रा, ॲक्सल, सायलेन्सर स्वच्छ निघतं. हे मी महिन्यातून एकदा करतो. गाडी किनाऱ्यावरच्या वाळूत घातली असेल तर त्याच संध्याकाळी. खरं तर जुनी गाडी पुळणीवर उतरवूच नका. चाक रुतलं आणि भरतीचं पाणी बेअरिंगपर्यंत आलं की पुढची दोन वर्षं खर्च निघत राहतो.

तिसरी पायरी: गंजाचा इलाज, आणि तो कधी करायचा

मोठं पत्र्याचं काम आगोटीत काढू नका. मी एका वर्षी मेच्या शेवटी रंग करून घेतला. पेंटरने गंज न घासता वर लांबी (पुट्टी) भरली, घोटली, फवारा मारला. गाडी नव्यासारखी चमकली. दिवाळीला त्याच जागी फोड आले आणि लांबी ढलप्यांनी निघाली. आत पत्रा उरलाच नव्हता.

वेल्डिंग, पॅच, रंग ही कामं मार्गशीर्ष-पौषात करा. तेव्हा मतलई वारे कोरडे असतात, उन्हात पत्रा सकाळी दहापर्यंत सुकतो आणि प्रायमर धरतो. आगोटीत फक्त छोट्या जागा हाताळायच्या.

छोट्या जागेसाठी रीत अशी. तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज उजळ पत्रा दिसेपर्यंत घासा, आणि गंजाच्या कडेपासून दोन बोटं पलीकडे चांगल्या रंगातही घासा, कारण गंज रंगाखाली पुढे सरकलेला असतो. खड्ड्यांत जो गंज उरतो त्यावर रस्ट कन्व्हर्टर (गंज मारणारं रसायन) लावा. तो काळा पडला की काम झालं. डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण सुकू द्या. वर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात द्या. रेड ऑक्साइड स्वस्त आणि कुठल्याही दुकानात मिळतो, पण त्यातून ओल झिरपते, त्यामुळे त्यावर रंग चढवल्याशिवाय पाऊस लागू देऊ नका.

खालून मारायच्या काळ्या रबरी कोटिंगबद्दल स्पष्ट सांगतो. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर ते उत्तम. गंजावर मारलं तर ओल आत कोंडली जाते आणि वरून सगळं छान दिसत असताना पत्रा आतून खलास होतो. सेकंडहँड गाडी विकत घेताना खाली ताजं काळं कोटिंग दिसलं तर मी आधी तिथे ठोकून बघतो.

रनिंग बोर्डच्या पोकळीत ब्रश पोचत नाही. तिथे लांब नळीचा कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) स्प्रे निचऱ्याच्या भोकांतून मारायचा आणि दोन दिवसांनी भोकं परत तारेने मोकळी करायची. आपल्याकडे जळकं इंजिन ऑइल खालून फवारायची पद्धत आहे. त्याने गंज थांबतो हे खरं, पण रबरी बुश फुगतात आणि ते तेल पावसात धुऊन विहिरीकडे जातं. ते करू नका.

गाडी ठेवायची जागाही औषधाइतकीच महत्त्वाची. मातीवर किंवा गवतावर उभ्या गाडीला खालून रात्रभर वाफ लागते. चार चाकांखाली आणि मध्ये जांभ्या चिऱ्याची फरसबंदी करून घ्या. शेड पूर्वेला उघडी ठेवा, पश्चिमेला घरासारखीच झडी बांधा. अंगाला चिकटणारं प्लास्टिकचं कव्हर टाळा, त्याखाली गाडीला घाम सुटतो. आणि माडाखाली गाडी लावू नका, हे सांगायला नको, पण दरवर्षी कुणाच्या तरी टपावर नारळ पडतोच.

चौथी पायरी: ब्रेक, यात काटकसर नाही

बॉडीचा गंज पैसे खातो, ब्रेकच्या पाइपचा गंज जीव घेऊ शकतो. मागच्या चाकांकडे जाणारी लोखंडी ब्रेक लाइन गाडीच्या पोटाखालून जाते आणि क्लिपांच्या आत ओल धरते. सात वर्षांपूर्वी जेटीवरून परत येताना वळणाआधी पाय दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. वेग पंचवीसचा असेल. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यात आणत, हँडब्रेक ओढत गाडी बांधाला टेकवून थांबवली. खाली बघतो तर क्लिपच्या आतल्या पाइपला सुईएवढं भोक आणि रस्त्यावर ऑइलची रेघ. हेच करूळ घाट उतरताना झालं असतं तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

म्हणून दरवर्षी क्लिपा उघडा, पाइप फडक्याने पुसा आणि नखाने खरवडा. नुसता तांबूस थर निघून खाली गुळगुळीत लोखंड लागलं तर ठीक. नखाला खड्डे लागले तर पाइप बदला, एकाच्या ऐवजी दोन्ही बाजूंचे. चाकाजवळच्या रबरी होजला वाकवून बघा, भेगा दिसल्या तर तेही बदला.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि ओल शिरली की ते कमी तापमानाला उकळतं. कोऱ्या डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओल धरलेल्याचा १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ मध्ये हेच आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना ब्रेक तापले की ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं लागतं. इतर ठिकाणी दोन वर्षांनी बदलत असतील, मी इथे दर आगोटीला बदलतो. सीलबंद छोटी बाटलीच घ्या, गॅरेजमधल्या अर्ध्या उघड्या डब्यातलं ऑइल भरू देऊ नका.

पुढच्या कॅलिपरच्या (डिस्क ब्रेकच्या पकडीच्या) पिना काढून साफ करा आणि त्यांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबरं फुगतात आणि पिन अडकते. गाडी एका बाजूला ओढते त्याचं हे नेहमीचं कारण. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर ओला नाही ना हे बघा.

पावसाळ्यात गाडी चार-सहा दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका. शू ड्रमला गंजाने चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली चिऱ्याचा तुकडा लावा.

पाचवी पायरी: करंट कुठे अडतो

गाडी स्टार्ट होत नाही म्हटलं की सगळे बॅटरी बदलतात. किनाऱ्यावर बॅटरी दोषी असण्याची शक्यता कमी, अर्थिंग दोषी असण्याची जास्त. एका पावसात फोंडा घाट चढताना माझे हेडलाइट कंदिलासारखे झाले. नवी बॅटरी घातली, अल्टरनेटर तपासला, फरक नाही. शेवटी कळलं की बॅटरीच्या मायनस वायरचा बॉडीवरचा बोल्ट खालून गंजला होता. पॉलिश पेपरने घासला, बोल्ट कसला, दिवे लख्ख.

दोन-अडीचशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या आणि हे मोजा. गाडी बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटरवर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये गंज आहे. तीन-चार बोल्ट घासून, कसून, वर पेट्रोलियम जेली लावली की वर्ष निघतं. बॅटरीच्या टर्मिनलवरची हिरवी-पांढरी बुकटी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा.

डिस्ट्रिब्युटर कॅपमध्ये (प्लगांना करंट वाटणाऱ्या भागाच्या झाकणात) ओल शिरली की सकाळी गाडी तीन सिलिंडरांऐवजी दोनवर थरथरते. कॅप काढून कोरड्या सुती फडक्याने आतून पुसा आणि बारीक काळी रेघ दिसते का बघा. रेघ म्हणजे तडा, कॅप बदला. डब्ल्यूडी-४० ओल घालवतं, पण ते वंगण म्हणून टिकत नाही, त्यामुळे बिजागऱ्या आणि केबलना त्याच्या मागून ग्रीस लागतंच.

पेट्रोल आणि पाणी

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. आमच्या गाडीच्या पेट्रोल पाइपला बाहेरून घाम आल्यासारखं दिसू लागलं आणि बॉनेट उघडताच वास यायला लागला, तेव्हा टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप ई-२० ला चालणारे घालून घेतले. हे काम पुढे ढकलू नका, गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग. मेकॅनिकल पंपाचा डायफ्रॅमही (आतला रबरी पडदा) त्याच वेळी बदला. कार्ब्युरेटरच्या आधी पारदर्शक फिल्टर बसवा, तळाला तांबूस गाळ दिसला तर टाकी आतून गंजत आहे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीत ओलसर हवा राहते, आणि त्यातलं पाणी पेट्रोलमध्ये उतरतं.

रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालू नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. घाट चढताना काटा वर गेलाच तर हीटर पूर्ण सोडा, काचा उघडा, रुंद जागा बघून थांबा. हीटर इंजिनाची उष्णता आत ओढतो, तुम्ही घामाघूम व्हाल पण हेड गॅस्केट वाचेल. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कुणालाच ठाऊक नसेल तर आजच बदला. किलोमीटर कमी झाले तरी रबर वयाने मरतं.

पार्ट आणि माणसं

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण ओम्नी २०१९ पर्यंत निघत होती आणि तिचं ७९६ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट अजून सहज मिळतात. दारांची रबरं, काचांच्या पट्ट्या, लाइटच्या काचा मात्र दिसतील तेव्हा घेऊन ठेवा. ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनीवाल्यांना हे मी सांगायची गरज नाही. कणकवलीत नाही मिळालं तर कोल्हापूर. तिथले लेथवाले बुश, स्पिंडल, काहीही नमुन्यावरून घडवून देतात, आणि पार्सल एसटीने दुसऱ्या दिवशी तालुक्याला पोचतं. मुंबईला जाणं झालंच तर कुर्ल्याचा सीएसटी रोड. तिथून मडगार्ड, दारं, सीट घ्या, ब्रेकचा कुठलाही जुना भाग घेऊ नका.

जुनी गाडी नव्याने विकत घेत असाल तर एक तपासणी चुकवू नका. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूण बुडालं तेव्हा असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरातली गाडी वरून कितीही पुसली तरी सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला की त्यावर चिखलाची रेघ दिसते, आणि सीटच्या रुळांच्या कोपऱ्यात बारीक गाळ बोटाला लागतो. तुमचीच गाडी कधी पाण्यात सापडली तर सेल्फ मारू नका. आधी बॅटरीची वायर काढा, प्लग काढा, मेस्त्रींना बोलवा.

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण. २० वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी १०,००० रुपये झाली आहे, पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करा आणि तारीख अशी घ्या की पत्र्याचं काम त्याच हिवाळ्यात उरकलेलं असेल. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, विमा आणि पीयूसी लागतंच.

पाऊस उघडल्यावर

श्रावणात उंदीर कोरडी जागा शोधत बॉनेटमध्ये येतात आणि वायरी कुरतडतात. मी रात्री बॉनेट थोडं वर अडकवून ठेवतो आणि एअर फिल्टरच्या डब्याजवळ तंबाखूची पानं बांधतो. गणपतीच्या आधी एकदा टायरची हवा, वायपर आणि हॉर्न बघतो, कारण चाकरमानी आले की ही गाडी कणकवली स्टेशनच्या दिवसाला तीन-तीन खेपा करते. पाच माणसं, सात बॅगा, वर डोक्यावर बांधलेली केळीची पानं. त्या दहा दिवसांत ती एकदाही बंद पडली नाही की मला वर्षभराच्या घासण्या-पुसण्याचं समाधान मिळतं. आत्या उतरताना दर वर्षी टपावर हात फिरवते आणि म्हणते, “भावाची गाडी अजून हाय गो.”

ऑक्टोबरचं पहिलं कडक ऊन पडलं की सगळी मॅटिंग पुन्हा बाहेर काढा आणि दोन दिवस वाळवणासारखी पसरून ठेवा. चारही दारं उघडी टाकून गाडीचा तळ उन्हाला दाखवा. आगोटीत खडूने केलेल्या खुणा परत वाजवा, वहीत लिहा, कुठला आवाज बदलला ते. त्यावरून हिवाळ्यात कुठे पत्रा लावायचा ते ठरतं. दसऱ्याला पूजा झाली की झेंडूचा हार दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवा आणि बॉनेट कोरडं पुसा. ओला हार पाकळ्यांखाली पाणी धरून ठेवतो, आमच्या बॉनेटच्या कडेला पहिला गंज तिथूनच लागला होता.